गवती चहात चहा नसतो: बागेतल्या पानांचा चहा नेमका कुठे बिघडतो?

बागेतल्या पानांचा चहा मी पहिल्यांदा केला तेव्हा त्यात नऊ वनस्पती होत्या. पुदिना, तुळस, गवती चहा, आलं, रोझमेरी आणि हाताला लागेल ते. सगळं एकदम पातेल्यात टाकलं आणि पंधरा मिनिटं खदखदून उकळलं. घरभर असा काही वास सुटला की मी स्वतःवरच खूश झालो. कपात मात्र तपकिरी, कडवट, जुन्या गवतासारखं लागणारं पाणी आलं. दुसरा घोट कोणीच घेतला नाही.

वास घरभर होता, म्हणूनच तो कपात नव्हता, हे कळायला मला बराच वेळ लागला. पानं कधी खुडायची, कशी वाळवायची, कशात काय मिसळायचं, झाकण का ठेवायचं या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीपाशी येतात.

आधी नावाचा घोळ मिटवू

चहा म्हणजे काटेकोर अर्थाने कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झुडपाची पानं. काळा, हिरवा, पांढरा, ऊलाँग हे सगळे त्याच झुडपाचे. फरक पडतो तो खुडल्यानंतर पानांवर काय प्रक्रिया केली याने. पुदिना, तुळस, कॅमोमाइल (शेवंतीसारखं छोटं फूल) यांचा या झुडपाशी काही संबंध नाही, आणि गवती चहा तर नावाप्रमाणे गवतच आहे. मराठीने त्याला चहा म्हणून टाकलं, ते पुसता येणार नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. खऱ्या चहात कॅफीन असतं, बागेतल्या नेहमीच्या सुगंधी पानांत नसतं. (दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा माते या झाडासारखे अपवाद आहेत, पण ते कुंडीत सहसा सापडत नाहीत.) दुसरं म्हणजे हिरव्या चहाला फार गरम पाणी सोसत नाही, ७० ते ८० अंशांवर तो छान उतरतो. तोच नियम पुदिन्याला लावून कोमट पाणी ओतलं तर चव फिकी येते. या पानांना चांगलं उकळलेलं आधण लागतं. सोयीसाठी मी पुढे 'हर्बल चहा' हाच शब्द वापरतो.

पानातून पाण्यात काय उतरतं

सुगंधी वनस्पतीच्या पानात आपल्या कामाच्या दोन गोष्टी असतात. पहिली सुगंधी तेल. हे स्वयंपाकातल्या तेलासारखं नसतं, हवेत चटकन उडून जातं. पुदिन्यातलं मेन्थॉल, गवती चहातलं सिट्रल, तुळशीतलं युजेनॉल ही या तेलातली द्रव्यं. सिट्रल लिंबाच्या सालीतही असतं, म्हणून गवती चहाला लिंबाचा वास येतो. युजेनॉल लवंगेतही असतं, म्हणून तुळशीचं पान चावलं की लवंगेची आठवण होते.

दुसरी गोष्ट म्हणजे टॅनिन आणि त्याच्या जातकुळीतली तुरट, कडवट द्रव्यं. ती उडून जात नाहीत. पानाच्या आत मुरलेली असतात आणि पाण्यात सावकाश उतरतात.

नाट्यगृह सुटतं तेव्हा काय होतं ते आठवा. दाराजवळ बसलेले लोक क्षणात बाहेर पडतात, मागच्या रांगांतले रमतगमत येतात. सुगंधी तेल दाराशी बसलेलं आहे. पुदिन्याच्या आणि तुळशीच्या पानाच्या पृष्ठभागावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, नुसतं बोट फिरवलं तरी त्या फुटतात. टॅनिन मागच्या रांगेत बसलंय. पहिल्या पाच-सात मिनिटांत पाण्यात मुख्यतः सुगंध येतो, त्यानंतर जे येतं त्यात कडवटपणाचा वाटा वाढत जातो.

गवती चहा याला थोडा अपवाद आहे. त्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावर नाही, आतल्या पेशींत असतं. म्हणून अख्खं पातं गरम पाण्यात टाकलं तर फारसं काही होत नाही. ते बारीक कापावं लागतं किंवा पिळून, चुरगळून टाकावं लागतं. त्याची जुडी गाठ मारून टाकतात तेव्हा दिसते सुंदर, पण कात्री जास्त काम करते.

फांट, काढा आणि हिम

पाण्यात वनस्पती उतरवण्याच्या पद्धतींना आयुर्वेदात छान छोटी नावं आहेत आणि ती आपण विसरत चाललो आहोत. गरम पाणी वनस्पतीवर ओतून, झाकून, थोड्या वेळाने गाळून घेतलं तर तो फांट. पाण्यात घालून आटेपर्यंत उकळलं तर तो क्वाथ, म्हणजेच काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळलं तर तो हिम.

पानं आणि फुलं फांटाची. मुळं, साली, आल्यासारखे कंद काढ्याचे, कारण त्यांच्या कठीण पेशींतून द्रव्यं बाहेर यायला उष्णता आणि वेळ लागतो. माझ्या त्या नऊ वनस्पतींच्या पातेल्यात आल्याला जे हवं होतं ते पुदिन्याला मारक होतं. दोन्ही एकत्र हवी असतील तर आलं आधी दहा मिनिटं उकळायचं, गॅस बंद करायचा, मग पानं टाकायची आणि झाकण ठेवायचं.

झाकणाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात फुकटात मिळणारी सुधारणा तीच आहे. अत्तरासाठी फुलापानांतून तेल काढतात तेव्हा वनस्पतीतून वाफ सोडतात. वाफ तेल सोबत घेऊन जाते, मग ती वाफ थंड करून तेल पकडतात. उघड्या पातेल्यात पुदिना उकळणारा माणूस हेच करत असतो, फक्त तो पकडायचं विसरतो. झाकण ठेवलं की वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंब झाकणाला चिकटतात. ते थेंब पुसून टाकू नका, झाकण कपावर झटका. त्या चार थेंबांना पानाचा केवढा वास असतो ते एकदा हुंगून पाहा.

हिमाबद्दल एक सावधगिरी. उकळतं पाणी पानांवरच्या बहुतेक जिवाणूंना मारतं, थंड पाणी मारत नाही. म्हणून थंड भिजवायचं तर धुतलेली पानं, स्वच्छ बाटली आणि फ्रिज. बरणी उन्हात ठेवून 'सूर्यचहा' करायची टूम अधूनमधून येते. उन्हात पाणी गरम होतं ते जिवाणूंना वाढायला सोयीचं होईल इतकंच. दिसायला सुरेख, पण मी ते पिणार नाही.

'पण जास्त उकळलं की जास्त गुण उतरतो ना?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि काढ्यापुरता तो बरोबर आहे. पानांच्या बाबतीत 'जास्त' उतरतं ते टॅनिन. चहा कडू झाला म्हणजे गुणकारी झाला, ही समजूत आपल्या डोक्यात फार खोल बसली आहे.

चव दाट हवी असेल तर वेळ वाढवू नका, पानं वाढवा. २०० मिलिलिटरच्या कपाला १ ते २ ग्रॅम वाळलेली पानं, म्हणजे चुरून एक ते दोन चहाचे चमचे. ताजी पानं त्याच्या तिप्पट. झाकून ५ ते १० मिनिटं. कॅमोमाइल फार वेळ ठेवलं की कडवट होतं, रोझमेरी तर पाच मिनिटांतच डोकं वर काढते. लिंबाच्या वासाचा लेमन बाम मात्र गरीब स्वभावाचा आहे, विसरून गेलात तरी रागावत नाही.

कधी खुडायचं

बहुतेक पानांत सुगंधी तेल सगळ्यात जास्त असतं ते फुलोरा येण्याच्या बेतात. कळ्या दिसू लागल्या की समजावं वेळ आली. तुळशीला मंजिऱ्या येऊ लागल्या की त्या खुडायच्या, म्हणजे झाड बिया धरण्यापेक्षा नवी पानं काढतं. दिवसातली वेळ सकाळची: दव सुकलेलं असावं, ऊन चढलेलं नसावं. ओली पानं वाळताना काळी पडतात आणि कडक उन्हात तेल उडत असतं. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको.

कॅमोमाइलचं पान कामाचं नाही, फूल हवं. पाकळ्या आडव्या पसरल्या की खुडावं. त्या खाली झुकल्या म्हणजे उशीर झाला.

पुदिना लावायचाच असेल तर त्याला स्वतंत्र कुंडी द्या. त्याचे धुमारे जमिनीखालून शेजाऱ्यांच्या हद्दीत घुसतात आणि वर्षभरात वाफ्यात फक्त पुदिना उरतो. शिवाय पेपरमिंट म्हणजे दोन पुदिन्यांचा वांझ संकर, त्यामुळे 'पेपरमिंटचं बी' म्हणून जे मिळतं त्यातून काय उगवेल ते नशिबावर. हुंगून आवडलेल्या झाडाची फांदी मागून आणा, पाण्यात आठवडाभरात मुळं फुटतात.

ताजी पानं हाताशी असताना वाळवायची कशाला?

रास्त प्रश्न. रोज एक कप ताज्या पानांचा प्यायचा असेल तर वाळवायची गरज नाही. लेमन बाम तर ताजाच चांगला. त्यात मुळात सुगंधी तेल अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं, वाळवताना त्यातलं बरंच निघून जातं आणि हातात गवत उरतं. पेपरमिंटच्या वाळलेल्या पानात तेलाचं प्रमाण साधारण १ ते ३ टक्के, म्हणून तो वाळूनही दणदणीत राहतो.

वाळवायचं कारण मिश्रण. ओल्या पानांची मिश्रणं टिकत नाहीत, मोजता येत नाहीत आणि आज जमलेली चव उद्या परत येत नाही. शिवाय वाळवल्याने चव नुसती कमी होत नाही, बदलतेही. आल्यातलं जिंजरॉल हे द्रव्य वाळताना काही प्रमाणात शोगॉलमध्ये बदलतं आणि शोगॉल जास्त तिखट असतं. म्हणून सुंठ आल्यापेक्षा वेगळी आणि झणझणीत लागते. एकीच्या जागी दुसरी तितकीच घातली तर फसगत होते.

वाळवणं म्हणजे पाणी घालवायचं आणि तेल ठेवायचं. दोघंही उडणारे, त्यामुळे घाई केली की दोघंही जातात. सावली, खेळती हवा आणि ३५ ते ४० अंश तापमान. छोट्या जुड्या उलट्या टांगा किंवा जाळीवर एकेरी थर पसरा. मोठ्या जुडीच्या पोटात ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पान चुरलं तर कुरकुर वाजलं पाहिजे, देठ वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे.

एवढं करूनही मी पानं लगेच बंद करून विसरत नाही. काचेच्या बरणीत चार-पाच दिवस ठेवतो आणि रोज बघतो. काचेला आतून दव आलं तर पानं परत जाळीवर. बुरशी दिसली तर ती बरणी गेली. वरवरची बुरशी काढून खालचं वापरायचा मोह होतो, पण बुरशीची काही विषं उकळत्या पाण्यातही टिकतात.

मिश्रण: आधी पाणी मिसळा, मग पानं

पाककृतींच्या याद्या पाठ करण्यापेक्षा ही एक युक्ती शिकावी असं माझं मत आहे. पानं मिसळून चहा करून पाहिला की चूक झाल्यावर ती कोणाची हे कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक वनस्पतीचा चहा वेगळ्या कपात करा, सगळ्यांचं प्रमाण सारखं: समजा २०० मिलिलिटरला २ ग्रॅम. आधी प्रत्येकाचा नुसता घोट घ्या. मग एका रिकाम्या कपात चमच्याने मिसळत जा: गवती चहाचे तीन चमचे, पुदिन्याचे दोन, सुंठीचा अर्धा. आवडलं तर तेच आकडे पानांच्या वजनाला लावायचे. आवडलं नाही तर कप ओतून द्यायचा, पाच-सहा चमचेच वाया गेलेले असतात. एका दुपारी वीस मिश्रणं करून बघता येतात. सुंठ आणि पुदिना मुरवायची वेळ वेगळी असल्याने हिशोब अगदी तंतोतंत जुळत नाही, पण जवळपास पोचतो.

मिसळताना कोणाला किती जागा द्यायची? गाण्याच्या बैठकीत तंबोरा सतत वाजतो आणि कानाला खुपत नाही. मिश्रणाचा पाया असाच हवा: सौम्य, एकट्यानेही प्यायला बरा. गवती चहा, लेमन बाम, कॅमोमाइल हे तंबोरे. हे निम्म्याहून जास्त असावेत. मग गायक, ज्याच्यासाठी आपण बैठकीला आलो: पुदिना, तुळस. तिसरा भाग म्हणजे मध्येच येणारी एखादी तान: सुंठ, बडीशेप, रोझमेरी, संत्र्याची वाळलेली साल. ही फार थोडी लागते, आणि माझी नऊ वनस्पतींची चूक अशी की तिथे नऊही जण एकदम गात होते. सुरुवातीला तीनच घ्या. चार म्हणजे गर्दी.

काही जोड्या का जमतात हेही कळतं. गवती चहा आणि लेमन बाम दोघांतही सिट्रल आहे, म्हणून एकत्र आले की चव वेगळी होत नाही, जाड होते. पुदिना आणि बडीशेप दोन्ही गोडसर भासतात, त्यामुळे साखर कमी लागते. पुदिन्याची गंमत आणखी वेगळी. मेन्थॉल जिभेवरच्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतं. वाफाळता चहा गार लागतो, तो खरोखर गार झालेला नसतो. म्हणून पुदिना जास्त झाला की सुंठीची ऊब आणि त्याचा गारवा तोंडात भांडतात. सुंठीच्या मिश्रणात मी पुदिना हात आखडता घेऊनच घालतो.

रंग हवा असेल तर लाल अंबाडी. 'हिबिस्कस टी' म्हणतात तो तिच्या फुलामागच्या मांसल लाल पाकळीसारख्या भागाचा, बागेतल्या शोभेच्या जास्वंदीचा नव्हे. ही गफलत फार जण करतात. अंबाडी आंबट आहे, तेव्हा तिच्याबरोबर लिंबू घालायची गरज नाही. निळ्या गोकर्णाच्या फुलांना चव जवळजवळ नसते, पण त्यांचं निळं पाणी लिंबाचा थेंब पडताच जांभळं होतं. हा रंग आंबटपणानुसार बदलतो. म्हणजे गोकर्ण आणि अंबाडी एकत्र केलीत तर निळा कधी दिसणारच नाही.

गोडव्यासाठी स्टीव्हियाचं वाळलेलं पान चालतं, पण चिमटीनेच. त्यातली गोड द्रव्यं साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात आणि जास्त झाली की मागे कडवट चव रेंगाळते.

शेवटची बारीकशी गोष्ट: बरणीत जड बिया तळाला जातात आणि हलकी पानं वर राहतात. पहिला कप पुदिन्याचा, शेवटचा बडीशेपेचा. सगळ्यांचे तुकडे शक्य तितके सारख्या आकाराचे करा आणि चमचा घालण्याआधी बरणी आडवी फिरवा. बिया मात्र आधी कुटून ठेवू नका, ऐनवेळी ठेचा. गाळायला धातूची साधी गाळणी उत्तम. प्लास्टिकच्या जाळीदार पिशव्या मी वापरत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा पिशव्या गरम पाण्यात घालून पाहिल्या तेव्हा एका पिशवीतून अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिककण सुटलेले त्यांना आढळले.

विकतच्या पाकिटाला मग एवढा वास कसा?

घरचा चहा करून पाहिलेल्यांची ही हमखास तक्रार. पाकीट उघडताच आंबा, व्हॅनिला, बेरी असं काय काय दरवळतं. घटकांची यादी वाचा, बहुतेकदा तिथे 'स्वाद' किंवा 'नैसर्गिक स्वादद्रव्य' असा शब्द सापडेल. वरून स्वाद फवारलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण त्याच्याशी आपल्या कुंडीची तुलना करू नये. आणि पाकिटातल्या मिश्रणाचा वास जेवढा दांडगा, तेवढी चव कपात असतेच असं नाही.

'नैसर्गिक आहे, मग भीती कसली?'

कण्हेरही नैसर्गिक आहे. जे पाणी पानातला सुगंध बाहेर ओढतं, तेच विषही ओढतं, त्याला दोघांतला फरक कळत नाही. पहिला नियम म्हणूनच चवीचा नाही, ओळखीचा आहे: नाव शंभर टक्के माहीत नसेल ते पान कपात नाही. कॉम्फ्री ही औषधी मानली जाणारी वनस्पती समजून फॉक्सग्लोव्ह या विषारी फुलझाडाची पानं उकळून प्यायल्याने माणसं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. फॉक्सग्लोव्हमधली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. आणि खुद्द कॉम्फ्रीही प्यावी अशी नाही, तिच्यातली काही द्रव्यं यकृताला इजा करतात.

तसलीच द्रव्यं काही तणांतही असतात. वाफ्यातला पुदिना कापताना शेजारचं तण मुठीत आलं तर तेही वाळतं, तेही चुरलं जातं. युरोपीय संघाने हर्बल चहातल्या या द्रव्यांवर २०२० मध्ये मर्यादा ठरवल्या, त्यामागे ही तणांची भेसळ हे मोठं कारण होतं. कात्री चालवण्याआधी तण उपटा, एवढाच घरगुती उपाय. शोभेची म्हणून आणलेली रोपं, कीटकनाशक फवारलेल्या कुंड्या, रस्त्याकडेची धूळ खाणारी झाडं ही यादी सांगायला नकोच.

दुसरी अडचण औषधांशी होणाऱ्या गाठीची. सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती यकृताला औषधं लवकर मोडून टाकायला लावते. मग गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी काही औषधं, अवयवरोपणानंतरची औषधं पूर्ण काम करत नाहीत. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून मिश्रणात ढकलला जातो, पण रोज आणि भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांना कॅमोमाइल सोसेलच असं नाही, कारण ते त्याच कुळातलं. छातीत जळजळ होणाऱ्यांना पुदिना त्रास देऊ शकतो, कारण तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करतो. गरोदरपणात आणि रोजची औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारायचं, आणि विचारताना 'हर्बल चहा' असं मोघम न सांगता वनस्पतीचं नाव सांगायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीच द्यायचं नाही.

औषध म्हणून किती भरवसा ठेवायचा?

थोडा. पेपरमिंट पोटाला बरं, असं म्हणतात, आणि आतड्यांच्या एका नेहमीच्या विकारात त्याचे चांगले पुरावेही आहेत. पण ते पुरावे मुख्यतः आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचे आहेत, कपातल्या चहाचे नाहीत. एका कपात तेल किती उतरलं हे झाड, खुडणी, वाळवण आणि झाकण यांवर अवलंबून, म्हणजे रोज वेगळं.

अंबाडीचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेत ६५ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला, तशाच दिसणाऱ्या खोट्या पेयावर असलेल्यांचा १.३ ने. हा परिणाम खराच लक्षात घेण्यासारखा आहे, पण तो रक्तदाब थोडासाच वाढलेल्यांतला आहे. गोळी बंद करून अंबाडी उकळावी असा त्याचा अर्थ नाही. उलट गोळी चालू असताना रोज तीन कप घेणार असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

जेवणानंतर लगेच घेतला तर?

इथे मला स्वतःला धक्का बसला होता. जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं हे अनेकांना माहीत असतं, आणि म्हणून 'मी हर्बल घेतो' असं ते अभिमानाने सांगतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणासोबत वेगवेगळी पेयं देऊन हे मोजलं गेलं. काळ्या चहाने लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. पेपरमिंटच्या चहाने ८४ टक्क्यांनी. कॅमोमाइलने ४७. म्हणजे पुदिना या बाबतीत काळ्या चहाच्या पंक्तीला बसतो. कारण तेच: मागच्या रांगेतली तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. हे वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहाबद्दल आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं त्यांनी जेवण आणि कप यांत तासाभराचं अंतर ठेवावं, बाकीच्यांनी काळजी करायचं कारण नाही.

बरणीत किती दिवस?

पानं आणि फुलं साधारण वर्षभर, मुळं आणि साली त्याहून जास्त. पानं होता होईतो अख्खी ठेवावीत, चुरा ऐनवेळी करावा, कारण चुरलं की तेलाच्या ग्रंथी फुटतात. बरणी काचेची, घट्ट झाकणाची, अंधाऱ्या कपाटात. गॅसच्या वरच्या फळीवर ती शोभून दिसते, पण तिथे रोज वाफ आणि उष्णता लागते. चिठ्ठीवर वनस्पतीचं नाव, खुडल्याची तारीख आणि मिश्रण असेल तर प्रमाण. 'लक्षात राहील' असं वाटतं, आणि तीन महिन्यांनी हातात तीन हिरवट बरण्या असतात.

वर्ष उलटलं म्हणून पान फेकायला हवंच असं नाही. थोडी पानं तळहातावर चुरा, ओंजळ नाकाशी धरा. वास आला तर आधण ठेवा. नाही आला तर तीच मूठ कुंडीतल्या मातीत, झाडाच्या बुडाशी.